घराजवळचे खडक व दोन छायाचित्रकार

उन्हाळ्याची सुट्टी संपून शाळा भरली म्हणजे एक तक्रार दर वर्षीं हमखास कानांवर येते. "आम्ही कोठेंच गेलों नाहीं, मग फोटो कशाचे काढणार?" ज्यांचे नातलग काश्मीर किंवा उटकमंड पाहून आले त्यांचींच चित्रें तेवढीं पाहण्याजोगीं, आणि आपल्या गांवचा डोंगर, आपली खाडी, आपल्या नदीच्या पात्रांतील धोंडे हे रोजचेच, म्हणून चित्रास निरुपयोगी, अशी एक समजूत मुलांत आणि, खरें सांगावयाचें तर, त्यांच्या आईबापांतही रूढ झाली आहे. ही समजूत कितपत खरी आहे हें तपासून पाहण्यासाठीं अमेरिकेंतील कॅलिफोर्निया संस्थानांतील दोघां छायाचित्रकारांची हकीकत येथें सांगण्याचें योजिलें आहे. एकानें जन्मभर ग्रॅनाइटाच्या पर्वतांचीं चित्रें घेतलीं. दुसऱ्यानें आपल्या घराजवळच्या एका खडकाळ भूशिराचीं. दोघांचीही कीर्ति जगभर झाली.

प्रथम त्या प्रदेशाची ओळख करून घेऊं. कॅलिफोर्नियाच्या पूर्व अंगास सिएरा नेवाडा नांवाची पर्वतांची रांग उत्तर-दक्षिण सुमारें ४०० मैल पसरली आहे. आपला सह्याद्रि पश्चिमेकडे, म्हणजे कोंकणाकडे, एकदम तुटतो आणि पूर्वेकडे देशावर हळूहळू उतरत जातो. सिएरा पर्वत ह्याच्या अगदीं उलट. त्याचा तुटलेला कडा पूर्वेस, आणि समुद्राच्या दिशेनें लांब उतार. ह्या उतारांतच योसेमिटी नांवाचें खोरें आहे. त्याच्या दोन्ही बाजूंस ग्रॅनाइटाचे कडे उभे आहेत. एल कॅपिटन नांवाचा कडा तळापासून सुमारें ३००० फूट सरळ वर गेलेला आहे. आणि हाफ डोम, म्हणजे अर्धा घुमट, हें शिखर खोऱ्याच्या तळापासून ४७०० फुटांहून अधिक उंच असून त्याची एक बाजू सुरीनें कापून काढल्यासारखी आहे. आपल्या कळसूबाईची समुद्रसपाटीपासूनची सारी उंची सुमारें ५४०० फूट, हें ध्यानांत घेतलें म्हणजे ह्या एका दगडाची कल्पना येईल.

आपला काळा फत्तर आणि हा ग्रॅनाइट, दोन्ही अग्निजन्यच. फरक एवढाच कीं, एक जमिनीवर येऊन थिजला आणि दुसरा पृथ्वीच्या पोटांतच थिजला. दख्खनचा लाव्हा सुमारें ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीं थरावर थर असा पसरला व लौकर थंड झाला. त्यामुळें त्याचे स्फटिक इतके बारीक राहिले कीं नुसत्या डोळ्यांस ते बहुधा दिसत नाहींत. हाफ डोमचा दगड सुमारें साडेआठ कोटी वर्षांपूर्वीं खोलवर अतिशय सावकाश थंड झाला, आणि स्फटिकांना वाढावयास वेळ मिळाला. म्हणून त्यांत कांचेसारखी गारगोटी, पांढरट फेल्डस्पार व काळें अभ्रक असे दाणे निरनिराळे ओळखूं येतात, आणि सारा दगड दुरून फिकट करडा दिसतो. पुढें वरचें ओझें झिजून गेलें, दडपण कमी झालें, आणि कांद्याचे पापुद्रे सुटावे तसे त्याचे थर सुटूं लागले. घुमटाचा आकार आला तो असा. त्यानंतर हिमनद्यांनीं खोरें खरवडून काढलें. हें सारें भूगोलाच्या तासाचें वाटेल. परंतु कोणता दगड किती प्रकाश परत देतो हें ज्याला ठाऊक नाहीं त्याला त्या दगडाचें चित्र घेतां येत नाहीं, म्हणून येथें इतकें लांबण लाविलें.

आणखी एक मौज सांगावयाची राहिली. ह्या पर्वतापासून दूर, समुद्रकांठीं, कार्मेल गांवाच्या दक्षिणेस पॉइंट लोबोस नांवाचें भूशिर आहे. 'लोबोस' म्हणजे स्पॅनिश भाषेंत लांडगे. तेथील खडकांवर ओरडणाऱ्या जलसिंहांना स्पॅनिश खलाशी समुद्रांतले लांडगे म्हणत, त्यावरून हें नांव पडलें. ह्या भूशिराचाही मोठा भाग ग्रॅनाइटाच्याच जातीच्या दगडाचा आहे. भूगर्भशास्त्रज्ञांचें म्हणणें असें कीं, किनाऱ्याचा हा तुकडा मूळचा पुष्कळ दक्षिणेकडचा, सिएरा पर्वताच्याच खडकांच्या पट्ट्यांतला. परंतु सॅन अँड्रियस नांवाची जी मोठी भेग कॅलिफोर्नियांतून गेली आहे तिच्या पश्चिमेस तो सांपडल्यामुळें कोट्यवधि वर्षांत शेंकडों किलोमीटर वायव्येस सरकत आला. म्हणजे पर्वतावरचा कडा आणि समुद्रांतला खडक हे एकाच कुळांतले, फक्त एकमेकांपासून फार दूर गेलेले.

तीच भेग ता. १८ एप्रिल १९०६ रोजीं पहाटे ५ वाजून १२ मिनिटांनीं हलली. सॅन फ्रान्सिस्को शहरांत भूकंप झाला, आणि त्यामागोमाग लागलेल्या आगींत शहराचा मोठा भाग जळाला. त्या शहरांत त्या दिवशीं एक म्हातारा होता आणि एक चार वर्षांचा मुलगा होता.

म्हाताऱ्याचें नांव कार्लटन वॉटकिन्स. ह्यानें १८६१ सालीं खेंचरांवर सामान लादून योसेमिटीच्या खोऱ्यांत नेलें होतें. त्याची एक एक कांच १८ इंच रुंद व २२ इंच लांब असे. त्या काळीं कांचेवर औषधी द्रवाचा लेप देऊन, तो ओला असतांनाच चित्र घेऊन, ओला असतांनाच धुवावा लागे. म्हणून अंधारखोलीचा तंबू बरोबर हिंडवावा लागे. ह्या खटाटोपांतून जीं चित्रें निघालीं तीं हजारों मैल दूर पूर्वेकडील शहरांत पोहोंचलीं, आणि ज्यांनीं तें खोरें कधीं पाहिलें नव्हतें अशा लोकांनीं तें चित्रांत पाहिलें. ता. ३० जून १८६४ रोजीं, यादवी युद्ध ऐन भरांत असतां, अध्यक्ष लिंकन यांनीं तें खोरें सार्वजनिक उपयोगासाठीं कायमचें राखून ठेवण्याच्या कायद्यावर सही केली. ह्या कामीं वॉटकिन्सच्या चित्रांचा हात होता असें इतिहासकार मानतात. परंतु त्याच्या स्वतःच्या नशिबीं सुख नव्हतें. कर्जापायीं त्याचें दुकान व जुन्या कांचा दुसऱ्याच्या हातीं गेल्या. उतारवयांत दृष्टि गेली. आणि १९०६ च्या आगींत त्याच्याजवळ जें राहिलें होतें तेंही जळून गेलें. १९१६ सालीं तो वेड्यांच्या इस्पितळांत वारला.

चार वर्षांचा मुलगा म्हणजे ॲन्सेल ॲडम्स. भूकंपाचा पहिला मोठा धक्का त्यानें सुखरूप काढला, पण नंतरच्या एका धक्क्यानें तो बागेच्या भिंतीवर आपटला आणि त्याचें नाक मोडलें. तें जन्मभर वांकडेंच राहिलें. त्याचें घर समुद्राजवळ वाळूच्या टेकड्यांत होतें. शाळेंत त्याचें मन मुळींच रमेना. अखेर तो बारा वर्षांचा असतां वडिलांनीं त्याला शाळेंतून काढून घरींच शिकविण्यास आरंभ केला, आणि १९१५ सालीं शहरांत भरलेल्या जागतिक प्रदर्शनाचें वर्षभराचें तिकीट काढून देऊन 'रोज जाऊन पाहा' असें सांगितलें. (पालकांनीं हा भाग उदाहरणादाखल घेऊं नये, अशी आमची विनंति आहे. त्याच्या वडिलांनीं स्वतः त्याला शिकविण्याची जबाबदारी घेतली होती, नुसतें नांव काढून घेतलें नव्हतें.) पियानो वाजविण्यांत तो इतका पुढें गेला कीं तोच धंदा करावा असें त्यानें ठरविलें होतें.

१९१६ सालीं, म्हणजे वॉटकिन्स वारला त्याच वर्षीं, चौदा वर्षांचा ॲडम्स आईबापांबरोबर योसेमिटीस गेला. तेथें त्यांनीं त्याला कोडॅकचा साधा पेटीसारखा ब्राउनी कॅमेरा घेऊन दिला. सॅन फ्रान्सिस्कोहून योसेमिटी सुमारें २०० मैल. म्हणजे मुंबईकरास कराड जितकें दूर तितकेंच. त्या वर्षापासून १९८४ सालीं मरेपर्यंत तो दर वर्षीं तेथें जात राहिला. पुढें तर खोऱ्यांतील एका चित्रकाराच्या मुलीशीं, व्हर्जिनिया बेस्टशीं, त्याचें लग्न झालें, आणि तें खोरें त्याचें घरच झालें.

ता. १० एप्रिल १९२७ चा दिवस ह्या कलेच्या इतिहासांत प्रसिद्ध आहे. त्या दिवशीं ॲडम्स, व्हर्जिनिया व कांहीं मित्र बर्फ तुडवीत हाफ डोमच्या पश्चिमेस असलेल्या एका कड्यावर चढले. पाठीवर सुमारें ४० पौंडांचें ओझें, त्यांत कॅमेरा, भिंगें आणि कांचेच्या अवघ्या १२ प्लेटी. वाटेंत इकडेतिकडे चित्रें घेण्यांत व कांहीं बिघडण्यांत दहा संपल्या. हाफ डोमचा सपाट कडा समोर आला तेव्हां दोनच उरल्या होत्या, आणि कडा अजून सांवलींत होता. दुपारीं ऊन कड्यावर सरकेपर्यंत तो थांबला. मग भिंगापुढें पिवळी कांच लावून एक प्लेट खर्च केली. ती खर्च होतांच त्याच्या मनांत आलें कीं, हें चित्र धुतल्यावर कडा दिसेल खरा, पण आपल्या छातींत जी धडकी भरली आहे ती त्यांत उतरणार नाहीं. डोळ्यांपुढें जें चित्र उभें राहिलें त्यांत आकाश जवळजवळ काळें होतें. म्हणून त्यानें पिवळी कांच काढून गडद तांबडी लाविली आणि शेवटची प्लेट वापरली.

तांबड्या कांचेनें काय होतें तें नीट समजून घ्या. निळें आकाश जो प्रकाश पाठवितें तो निळा. तांबडी कांच निळा प्रकाश अडविते. म्हणून कृष्णधवल चित्रांत आकाश काळें पडतें. सांवलींतील भागांवर जो थोडासा उजेड असतो तो बहुतेक आकाशाकडूनच आलेला, म्हणजे निळसर. तेव्हां सांवल्याही गडद होतात. परंतु फिकट ग्रॅनाइटावर पडलेलें सूर्याचें ऊन सर्व रंगांचें असतें. त्यांतला तांबडा भाग कांचेंतून सुखरूप जातो, म्हणून उन्हांतला दगड व बर्फ उजळ राहतात. बराचसा प्रकाश अडला जात असल्यामुळें प्लेटीला अर्थातच अनेक पट अधिक वेळ द्यावा लागतो. शिवाय प्लेटही तांबडा प्रकाश ओळखणारी, पॅनक्रोमॅटिक जातीची, पाहिजे. जुन्या प्लेटींना तांबडें दिसतच नसे. मनांतलें चित्र आधीं पाहावयाचें आणि मग त्यास लागेल तें साधन निवडावयाचें, ही रीत ॲडम्सनें त्या दुपारपासून धरली, ती सोडली नाहीं.

येथें चौकस मुलगा विचारील कीं, आकाश काळें नव्हतें, मग हें चित्र खोटें नव्हे काय? प्रश्न योग्य आहे. माझें मत असें: कृष्णधवल चित्रांत कोणताही रंग खरा नसतोच, निळ्याचें काळें करावयाचें कीं करडें करावयाचें हें कोणी तरी ठरविलेंच पाहिजे, आणि तें कारखानदारानें ठरविण्यापेक्षां चित्र घेणारानें ठरविलेलें बरें. परंतु ह्याच ॲडम्सची दुसरी एक गोष्ट आहे, तिच्याविषयीं इतक्या सहज निकाल देतां येत नाहीं.

१९४४ सालीं हिवाळ्यांत तो सिएराच्या पूर्वेस, लोन पाइन गांवाजवळ होता. सकाळच्या पहिल्या उन्हांत तो तुटलेला पूर्वेचा कडा उजळतो तें चित्र त्याला पाहिजे होतें. ओळीनें कित्येक दिवस पहाटे कडक थंडींत तो मोटारीच्या टपावर कॅमेरा मांडून वाट पाहत बसला. अखेर ढग अनुकूल झाले. पुढच्या कुरणांत एक घोडा पाठ फिरवून चरत होता, तोही अगदीं शेवटच्या क्षणीं आडवा झाला. चित्र अप्रतिम आलें. परंतु मधल्या काळ्या टेकडीवर गांवच्या हायस्कुलांतील मुलांनीं गांवाच्या नांवाचीं दोन आद्याक्षरें भलीमोठीं पांढरीं मांडून ठेविलीं होतीं. ॲडम्सनें तीं निगेटिव्हवरून खोडून टाकिलीं. कांहीं टीकाकारांनीं ह्यास लबाडी म्हटलें. त्यानें मात्र आपण हें केलें असें उघडपणें लिहून ठेविलें, आणि त्या मुलांच्या पराक्रमावर आयुष्यभर कुरकुरत राहिला. आपल्या गडांच्या तटांवर, लेण्यांच्या खांबांवर, कड्यांच्या कपाळावर ज्यांनीं आपलीं नांवें कोरलीं वा रंगविलीं आहेत त्यांना ही गोष्ट शाळेंत वाचून दाखवावी असें वाटतें. चित्रांतून अक्षरें पुसतां येतात, दगडावरून येत नाहींत.

त्या दिवसांत तो त्या बाजूस कशाकरितां गेला होता हेंही सांगितलें पाहिजे. लोन पाइनच्या उत्तरेस मँझानार येथें कांटेरी तारेच्या आंत १०,००० हून अधिक माणसें कोंडलेलीं होतीं. तीं कैदी नव्हतीं. त्यांतील बहुतेक अमेरिकेंतच जन्मलेले नागरिक होते. जपानशीं युद्ध सुरू झालें आणि ह्यांचे वाडवडील जपानचे, एवढाच त्यांचा अपराध. ॲडम्सनें त्यांचीं चित्रें घेतलीं: शेतांत कोबी काढणारे, वर्गांत शिकणारीं मुलें, प्रार्थनामंदिरांतून बाहेर पडणारी मंडळी, आणि सर्वांच्या मागें तोच पर्वत. १९४४ सालीं युद्ध चालू असतांनाच त्यानें तें पुस्तक प्रसिद्ध केलें, आणि लोकांच्या रागासही तो पात्र झाला. त्या अन्यायाबद्दल अमेरिकन सरकारनें कायद्यानें क्षमा मागितली ती १९८८ सालीं. डोंगरांचीं चित्रें काढणारा मनुष्य माणसांकडे पाहत नाहीं, असा जो आक्षेप कोणी घेतात त्यांना हें एक पुस्तक पुरेसें उत्तर आहे. सिएराच्या दुर्गम भागाच्या रक्षणासाठीं तर तो १९३६ सालीं आपलीं चित्रें घेऊन राजधानीस गेला होता. १९४० सालीं तेथें किंग्ज कॅन्यन हें राष्ट्रीय उद्यान झालें.

आतां समुद्राकडे वळूं. एडवर्ड वेस्टन हा ॲडम्सपेक्षां सोळा वर्षांनीं वडील. १९०२ सालीं, सोळा वर्षांचा असतां, वडिलांनीं दिलेला पहिला कॅमेरा त्याच्या हातीं आला. कित्येक वर्षें गिऱ्हाइकांचे मुखवटे काढून त्यानें पोट भरलें. १९२९ सालीं तो कार्मेलास राहावयास आला, आणि पॉइंट लोबोस त्याच्या दृष्टीस पडलें. त्या भूशिराची सारी जमीन एक चौरस मैलसुद्धां भरत नाहीं. तेवढ्यांत जवळजवळ वीस वर्षें तो हिंडत राहिला! विस्तीर्ण समुद्राचा देखावा घेण्याची हौस त्याला प्रथम नव्हती. लाटांनीं झिजलेला एखादा धोंडा, वाऱ्यानें पिळवटलेलें सुरूच्या जातीच्या झाडाचें मूळ, वाळूंत पडलेली समुद्रवनस्पति, खडकांतील भेग, इतकेंच तो घेई. तीं झाडें मोंटेरे सायप्रस नांवाचीं. तीं नैसर्गिक स्थितींत सबंध पृथ्वीवर दोनच ठिकाणीं उगवतात, त्यांपैकीं हें एक.

१९३२ सालीं वेस्टन, ॲडम्स आणि त्यांच्या कांहीं मित्रांनीं मिळून 'एफ ६४' नांवाचें मंडळ काढलें. नांव विचित्र आहे, पण त्याचा अर्थ गणिताच्या वहींत बसण्यासारखा आहे. भिंगाच्या मागील पडद्याचें छिद्र किती लहान केलें हें सांगणारा हा आंकडा. भिंगाच्या नाभीय अंतरास छिद्राच्या व्यासानें भागिलें म्हणजे तो येतो. १२ इंच नाभीय अंतराच्या भिंगाला ६४ हा आंकडा लाविला म्हणजे छिद्र १२ भागिलें ६४, म्हणजे इंचाचे तीन-सोळांश, ज्वारीच्या दाण्याएवढें. इतक्या बारीक छिद्रानें पायाजवळचा गोटा आणि क्षितिजावरचा खडक दोन्ही सारखेच रेखीव उतरतात. त्या काळीं भिंगावर धुकें पसरल्यासारखीं मऊ, अस्पष्ट चित्रें काढून तीं रंगचित्रांसारखीं भासविण्याची पद्धत पडली होती. ह्या मंडळाचा कटाक्ष तिच्यावर होता. दगड दगडासारखा दिसला पाहिजे, असें त्यांचें म्हणणें.

परंतु फुकट कांहींच मिळत नाहीं. ८ ह्या आंकड्याऐवजीं ६४ लाविला तर छिद्राचा व्यास आठपट कमी, क्षेत्रफळ चौसष्टपट कमी, म्हणून वेळ चौसष्टपट अधिक लागतो. जेथें सेकंदाचा साठावा भाग पुरला असता तेथें सेकंदाहून थोडा अधिक वेळ द्यावा लागतो. आणि तेवढ्यांत लाट फुटून जाते व फेंसाचा धूर होतो. दगड स्थिर म्हणून रेखीव, पाणी चंचल म्हणून धूसर. समुद्रकांठच्या चित्रांत हा झगडा नेहमींचाच. दोहोंपैकीं कोणाला मान द्यावयाचा हें आधीं ठरवावें.

वेस्टनच्या कॅमेऱ्यांतील निगेटिव्ह ८ इंच रुंद व १० इंच लांब असे, आणि तो ती मोठी न करतां कागदावर चिकटवून तेवढाच छाप घेई. म्हणजे जें कांहीं ठरवावयाचें तें खडकावर उभें राहून, डोक्यावर काळें कापड घेऊन, दुधी कांचेवर उलटें दिसणारें चित्र पाहूनच ठरवावयाचें. मागाहून कांटछाट नाहीं. १९३७ सालीं त्याला गुगेनहाइम संस्थेची मोठी वृत्ति मिळाली. छायाचित्रकाराला ती पहिल्यानेंच मिळत होती. पण लौकरच कंपवातानें त्याला गांठलें. हात कांपूं लागले. १९४८ सालीं त्यानें शेवटचीं चित्रें घेतलीं तीं पॉइंट लोबोसलाच. पुढें दहा वर्षें तो कॅमेरा धरूं शकला नाहीं. मुलगे जुन्या निगेटिव्ह छापीत, आणि तो बसून कोठें काळें कमी, कोठें अधिक हें सांगे. १ जानेवारी १९५८ रोजीं तो वारला. ज्या लहानशा किनाऱ्यावर तो हिंडे त्याला आतां त्याचेंच नांव आहे.

तें भूशिर त्याच्यासाठीं शिल्लक राहिलें ह्याचें श्रेय एका तिऱ्हाइतास आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तेथें गांव वसविण्यासाठीं लहान लहान तुकडे पाडून विक्रीस काढलेले होते. १८९८ सालीं अलेक्झांडर ॲलन नांवाच्या गृहस्थानें ती जमीन घेतली, आणि विकले गेलेले तुकडे पुढें एकेक करून परत विकत घेतले. १९३३ सालीं ती संस्थान सरकारकडे आली. १९६० सालीं लगतचें समुद्राचें पाणीही राखीव झालें. आपल्या कोंकण किनाऱ्यावर सध्यां जे तुकडे पडत आहेत ते पाहतां ह्या गृहस्थाची आठवण पालकांना करून द्यावीशी वाटते.

आतां आपल्या दगडाविषयीं. महाराष्ट्रांत ग्रॅनाइटाच्या जातीचे पुरातन खडक अगदींच नाहींत असें नाहीं. सिंधुदुर्ग जिल्ह्यांत, तसेंच पूर्वेस भंडारा-गोंदिया-गडचिरोलीकडे ते उघडे पडले आहेत. शेजारच्या कर्नाटकांतील हंपीचे धोंडे तर प्रसिद्धच. तेथील अवशेषांचीं चित्रें अलेक्झांडर ग्रीनलॉ नांवाच्या लष्करी अंमलदारानें १८५६ सालींच कागदी निगेटिव्हवर घेऊन ठेविलीं आहेत. परंतु आपल्यापैकीं बहुतेकांच्या घराजवळ आहे तो काळा फत्तर. इंग्रजींत ह्याला 'ट्रॅप' म्हणतात. तो शब्द मूळ स्वीडनच्या भाषेंतील जिना ह्या अर्थाच्या शब्दावरून आला. सह्याद्रीच्या पायऱ्या पाहिल्यावर तो कां पडला हें सांगावें लागत नाहीं.

ह्या काळ्या दगडाचें चित्र ग्रॅनाइटापेक्षां अवघड आहे. कारण असें: प्रकाश मोजणारें यंत्र, मग तें ॲडम्सच्या हातांतलें असो कीं तुमच्या मोबाइलांतलें असो, समोरचा पदार्थ मध्यम करडा आहे असें गृहीत धरून चालतें. काळा कडा समोर धरला तर तें त्याला अधिक प्रकाश देऊन करडा करितें, आणि वरचें आकाश जळून पांढरें होतें. पांढरा फेंस समोर धरला तर त्यालाही ओढून करडा करितें. ह्यावर उपाय म्हणून ॲडम्स व फ्रेड आर्चर ह्यांनीं १९३९-४० च्या सुमारास लॉस एंजल्समधील एका कलाशाळेंत शिकवितांना पायऱ्यांची एक पद्धत बसविली. शुद्ध काळें म्हणजे शून्य, शुद्ध पांढरें म्हणजे दहा, मधला करडा पांच. प्रत्येक पायरीस प्रकाश दुप्पट. यंत्र सर्वांना पांचव्या पायरीवर बसवितें. भिजलेला फत्तर, ज्याचा पोत तर दिसला पाहिजे पण जो काळाही राहिला पाहिजे, तो तिसऱ्या पायरीचा. म्हणजे दोन पायऱ्या खालीं, अर्थात् यंत्र सांगेल त्याच्या एक चतुर्थांश प्रकाश. मोबाइलवर हें करावयाचें तर पडद्यावर त्या खडकास बोटानें स्पर्श करावा, आणि मग उजेडाची खूण दिसते ती कडा खरोखर काळा दिसेपर्यंत खालीं ओढावी. आजकालचे मोबाइल कित्येक चित्रें एकत्र करून सांवल्या आपणहून उजळतात. त्यामुळें दुपारचा कडा धुतलेल्या पाटीसारखा दिसतो. शक्य तेथें ती सोय बंद करावी.

वेळही साधली पाहिजे. आपला किनारा आणि सह्याद्रीचे तुटलेले कडे, दोन्हींचीं तोंडें पश्चिमेस. सकाळीं दोन्ही सांवलींत असतात. हरिश्चंद्रगडाचा कोंकणकडा उजळतो तो दुपार कलल्यावर. ऊन तिरपें आल्याशिवाय फत्तराचे थर मोकळे दिसत नाहींत. हरिहरेश्वराच्या खडकांना लाटांनीं जी जाळी पाडली आहे ती तर ओहोटीला, संध्याकाळच्या तिरप्या उन्हांतच पाहावी. येथें मात्र एक गोष्ट कडक शब्दांत सांगितली पाहिजे. पाण्याच्या कडेला उतरण्यापूर्वीं वर कोरड्या जागीं निदान पाव तास उभें राहून लाटा पाहाव्या. दहा लहान लाटांनंतर अकरावी किती वर चढते तें दिसेल. जेथें शेवाळें हिरवें आहे तेथें पाणी पोहोंचतें असें समजावें. समुद्राकडे पाठ करून स्वतःचा फोटो काढूं नये. भरतीची वेळ रोज सुमारें पाऊण तासानें पुढें जाते, आणि अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला पाणी नेहमींपेक्षां वर येतें. ह्याची माहिती पंचांगापेक्षां गांवच्या कोळ्याला अधिक असते. त्याला विचारावें, आणि त्याच्या होडीचा किंवा बायकामुलांचा फोटो घ्यावयाचा असल्यास तेंही विचारूनच घ्यावें.

ज्यांना ह्या कामीं गोडी वाटेल त्यांनीं घरापासून पायीं जाऊन परत येतां येईल असा एकच खडक, कडा किंवा ओढ्याचें पात्र निवडावें, आणि जूनपासून पुढल्या मेपर्यंत दर महिन्याला त्याच्याकडे एकदां जावें. एका खेपेस बाराच चित्रें. ॲडम्सला त्याहून अधिक मिळालीं नव्हतीं. प्रत्येक चित्राच्या मागें तारीख, वेळ, आकाश ढगाळ कीं निरभ्र, खडक ओला कीं कोरडा, आणि किनाऱ्याचें असल्यास भरती कीं ओहोटी, एवढें शिसपेन्सिलीनें लिहावें. शाईनें लिहूं नये. ती पावसाळ्यांत कागदांतून पुढें उमटते.